गप्प मोजणारे येमुलकाका

माझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात आधी ऋणनिर्देशाचं पान उघडलं. मी रात्रभर नमुना निवडीची उत्तरं घोकून गेले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे नरसय्या येमुल कोण? कुठल्या विद्यापीठाचे?"

शेजारी बसलेल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमना खोकला आला. मी म्हटलं, "सर, ते जकार्डचे."

परीक्षकांनी आदराने मान डोलवली. जकार्ड हे परदेशातलं एखादं विद्यापीठ असावं, अशी त्यांची समजूत झाली आणि मीही ती काढून टाकायचा प्रयत्न केला नाही. पदवी पदरात पडायची होती. संध्याकाळी येमुलकाकांना फोन करून हा किस्सा सांगितला, तर मला वाटलं होतं तसे ते हसले नाहीत. म्हणाले, "मग खोटं काय सांगितलं तुमी? तितं बी शिकायला वीस वर्षं लागतात की."

काका जाऊन आता दोन वर्षं होतील. मी अजून समुपदेशकाचं काम करते, नव्या मुलींना शिकवतेही. त्या मुली वहीत कंसात 'गप्प' असं लिहून पुढे आकडा टाकतात, तेव्हा त्यांना वाटतं ही मॅडमची पद्धत. ती माझी नाही, हे मी दरवेळी सांगते.

तेव्हा मी शहराच्या पूर्व भागातल्या एका कुटुंब समुपदेशन केंद्रात नोकरीला होते. नवरा-बायकोची भांडणं, सासू-सुनेची भांडणं, दारू, संशय, माहेरी येऊन बसलेल्या मुली. अकरा वर्षं माणसं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून रडली आणि उठून गेली. भांडण मिटलं की नाही, याची नोंद आम्ही ठेवायचो. पण त्या खुर्चीत बसणं त्या माणसाला कसं वाटलं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. म्हणून मी पीएच.डी.ला तोच विषय घेतला. आपण इतक्या जणांचं भलं केलंय, आता ते पुस्तकात येईल, अशी मनातून गुदगुल्याही होत होत्या. खोटं कशाला सांगू.

सुरुवात मी छापील फॉर्मने केली. त्यावर रडव्यापासून हसऱ्यापर्यंत पाच तोंडं छापली होती, आपल्याला जसं वाटलं त्या तोंडावर खूण करायची. झाडून सगळ्यांनी सगळ्यात हसऱ्या तोंडावर खूण केली. एका आजींनी पाचही तोंडांवर केली. मी विचारलं, "आजी, पाचही?" तर म्हणाल्या, "सगळी गोडच हायत की लेकरं. कुणाला न्हाय म्हणू?"

मार्गदर्शक मॅडमनी तो गठ्ठा बाजूला सारला आणि म्हणाल्या, माणसांना बोलू दे. त्यांच्या संमतीने बोलणं रेकॉर्ड कर, शब्दन् शब्द टाइप करून घे आणि मग ते पुन्हापुन्हा वाच. ऐकायला सोपं वाटलं. पहिल्या चार मुलाखती मी एका संगणकवाल्या मुलीकडे टाइप करायला दिल्या. एक बाई बोलली होती, "डोस्कं लई जड झालतं, भाकर थापताना हात थांबायचा." मुलीने टाइप केलं, "माझी मनःस्थिती तणावग्रस्त होती व गृहकृत्यात लक्ष लागत नसे." मॅडमच्या पीएच.डी.त डोस्कं कसं लिहायचं, म्हणून तिने आपल्या परीने माझी अब्रू राखली होती.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, कोर्टाबाहेर येमुल म्हणून टायपिंगवाले बसतात, त्यांना चार भाषा येतात, त्यांना विचारा.

येमुलकाका आले तेच मुळी खांद्यावर चौघडी केलेला टॉवेल आणि खिशात दोन पेनं अशा थाटात. अंगाने काटकुळे, शर्ट पांढरा, इस्त्री कडक. वीस वर्षं त्यांनी एका चादरीच्या कारखान्यात जकार्डचं काम केलेलं. जकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावरचं ते यंत्र, ज्याच्यामुळे चादरीत फुलं आणि मोर उमटतात. त्यासाठी पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांना नक्षीप्रमाणे भोकं पाडावी लागतात. ते पंचिंग काका करायचे. पुढे ते काम संगणकावर गेलं, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या या माणसाने पोरांच्या शेजारी बसून मराठी टायपिंगची परीक्षा दिली. घरात तेलुगू, सासुरवाड अक्कलकोटकडची म्हणून कन्नड, कारखान्यातल्या दोस्तांची दख्खनी आणि शाळेतली मराठी. मराठी बोलताना मात्र लिंगांचा पार बट्ट्याबोळ. "म्याडम, माझी चहा आला का?" असं विचारायचे. टाइप करताना एकही चूक नाही. मी एकदा त्यांना चिडवलं, तर म्हणाले, "बोलताना घाई असती. बोटांना घाई न्हाय."

पहिल्या दिवशी मी त्यांना गुप्ततेचे नियम वाचून दाखवले. रेकॉर्डिंग केंद्राबाहेर न्यायचं नाही, ऐकलेलं कुठे बोलायचं नाही, नावाऐवजी क्रमांक वापरायचा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कोर्टाबाहेर बसतो म्याडम. निम्म्या गल्लीचे अर्ज माझ्या बोटांखालून गेल्यात. गल्लीत विचारा, येमुलला काय माहीत हाय. लोक सांगतील, कायबी न्हाय."

केंद्राच्या मागे एक अडगळीची खोली होती. मोडक्या खुर्च्या, फायलींचे गठ्ठे आणि हवेपेक्षा पाणी जास्त फेकणारा कूलर. तिथे त्यांचा संगणक मांडला. काका चपला खोलीबाहेर काढायचे. आत फरशी इतकी मळकट की पायाला धूळ लागायची, पण चपला बाहेरच. मी म्हटलं, "काका, असू द्या की." तर म्हणाले, "कुणाच्या तरी घरात शिरायचं हाय." मग तांब्याभर पाणी प्यायचे, कानांवर ते मोठे हेडफोन चढवायचे, डोळे मिटायचे आणि डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवायचे. तो अंगठा कशासाठी, हे मला पहिलं पान हातात आल्यावर कळलं.

पानावर प्रत्येक शब्द बोललेला तसाच होता. डोस्कं होतं, झालतं होतं. आणि मध्येच कंसात लिहिलं होतं, 'गप्प — सात'. खाली पुन्हा, 'गप्प — चार'.

"हे काय?"

"बाई सात मोजेपर्यंत गप्प हुती."

"अहो, पण हे कशाला टाइप करायचं? बोललेलं तेवढं हवंय."

त्यांनी खिशातून एक पिवळी पडलेली पुठ्ठ्याची पट्टी काढली. ओळ वाचताना खाली धरायला ते तीच वापरायचे. कारखान्यातली शेवटची आठवण. म्हणाले, "हे बघा. भोक हाय तितं दोरा वर जातो. भोक न्हाय तितं खाली राहतो. तुमी म्हणाल, भोकंच तेवढी मोजू, मोकळी जागा कशाला मोजायची? मग मोराचा चादरीवर कावळा हुतो."

मला ते तेव्हा फारसं पटलं नाही. म्हातारा हौशी आहे, करू दे, असं म्हणून मी पानं फायलीला लावली.

पंधरा दिवसांनी त्यांनी मुलाखतीच्या पानांबरोबर एक वेगळा कागद माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर एकच ओळ होती, 'म्याडमचं बरं बरं — एकूण एकेचाळीस.'

मी तापलेच. अकरा वर्षांचा अनुभव माझा, आणि हा टायपिंगवाला माझी मोजदाद करतोय! म्हटलं, "काका, समोरच्याला धीर यावा म्हणून म्हणतो आम्ही तसं. शिकवलेलं असतं."

"आसंल की. एकदा ऐका तुमी."

त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावले. कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीतली बाई होती. वर्षापूर्वी सासूच्या जाचाची तक्रार घेऊन माझ्याकडे आली होती आणि माझ्या हिशेबी ते प्रकरण उत्तम मिटलं होतं. ती टेपवर म्हणत होती, "पहिल्या दिवशी तुमी म्हनला, सासूला जरा समजून घ्या, तवा मला वाटलं…" आणि त्यावर माझा आवाज, अगदी मध लावलेला, "बरं बरं. आणि मग?" बाई थांबली. मग म्हणाली, "मग काय. बरं वाटलं."

काकांनी हेडफोन काढून घेतले. म्हणाले, "हितं बाई दारापत्तोर आली हुती म्याडम. तुमी कडी घातली."

ते रागावून बोलले असते तर मी भांडले असते. पण ते हळू बोलले, आणि चहा सांगून आले. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी मी बस धरून पुन्हा कुंभारीला गेले. बाई सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत होती. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही सांगता सांगता राहिलात. मी समजून घ्या म्हटलं, तेव्हा काय वाटलं होतं?" आणि ओठ घट्ट मिटून बसले. पदराखाली अंगठा पेरांवर. जिभेवर बरं बरं इतक्या वेळा आलं की मी आतून जीभ चावली. बाईने दोन विड्या वळल्या, तिसरी दोऱ्याने बांधली. मी चौदापर्यंत पोचले होते.

"वाटलं," ती मान वर न करता म्हणाली, "ही बी सासूचीच."

माझ्या प्रबंधातली पहिली खरी ओळ ती. अकरा वर्षांत मला मिळालेला पहिला खरा शेराही तोच.

त्यानंतर काकांना मी नुसतं अडगळीच्या खोलीत न बसवता मुलाखतींच्या आखणीतही घेतलं. त्यांचा उपयोग कुठे कुठे झाला ते सांगायला बसले तर पुरणार नाही, पण मंद्रूपची गोष्ट सांगते. तिथल्या एका बाईने बोलायला आनंदाने होकार दिला. भाकरी, शेंगाचटणी वाढली. मी विद्यापीठाच्या नमुन्यातला कागद पुढे केला, 'हे संमतीपत्र' म्हटलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. ताट तसंच टाकून ती आत गेली आणि कडी लावून घेतली. मला काही कळेना. परत येऊन काकांना सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"आवो, तिची केस कोर्टात हाय ना? कोर्टाबाहेर 'संमती' म्हंजे काय? संमतीनं सोडचिठ्ठी! नवऱ्यानं म्याडमच्या हातून कागद पाठिवला, आसं वाटलं आसंल तिला."

मग त्यांनी स्वतः कागदाचं नवं डोकं टाइप केलं, 'माझं बोलणं लिहून घ्यायला माझी ना नाही.' विद्यापीठाच्या समितीच्या नमुन्यात ते बसेना. मार्गदर्शक मॅडम तीन बैठका भांडल्या आणि ते बसलं. मंद्रूपच्या बाईनेही पुढे अंगठा दिला, पण तो देण्याआधी कागद दोनदा वाचून दाखवायला लावला.

पूर्व भागात विणकरांची घरं बहुतेक तेलुगू बोलणारी. त्यामुळे माझ्या निम्म्या मुलाखती तेलुगूत होत्या. त्या सुनीता घ्यायची. सुनीता आमच्या केंद्रातली सहकारी, तिचं माहेर तेलुगू. आणि मराठीत उतरवायचे काका. कसं वाटलं, या प्रश्नाला बहुतेक सगळ्या तेलुगू बायकांचं एकच उत्तर यायचं, "पर्वालेदु." मी सुनीताला विचारलं, ती म्हणाली, "म्हणजे ठीक आहे, छान आहे." मी खुशीने तक्ता आखला आणि सगळ्या पर्वालेदु 'समाधानी' या रकान्यात टाकल्या.

काकांनी तो तक्ता पाहिला आणि टॉवेलने तोंड पुसलं. हे त्यांचं वाईट वाटण्याचं लक्षण.

"म्याडम, बसमधी तुमच्या पायावर कुणी पाय दिला, सॉरी म्हटलं, तर तुमी काय म्हणता?"

"असू दे म्हणते."

"आमी म्हणतो पर्वालेदु. चहात साखर कमी पडली, पर्वालेदु. ताप उतरला, पर्वालेदु. पोरगं नापास झालं, पर्वालेदु. पर्वा तुमचीच, लेदु म्हंजे न्हाय. बाई समाधानी हाय का पायावर पाय पडलाय, हे त्या शब्दात कळत न्हाय. त्याच्या फुडं ती किती गप बसली, त्यात कळतं."

"मग मराठीत काय लिहू?"

"कायबी नका लिवू. पर्वालेदुच लिवा."

मी तक्ता खोडत होते. काका उठले नाहीत. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या घरात एक हाय. अंबिका. आठ महिने झाले, सासरहून निघून आली. का आली, म्हाईत न्हाय. रोज विचारतो, कसं वाटतंय अम्मा? पर्वालेदु नायना." नायना म्हणजे वडील, आणि तेलुगू घरात लेकीलाही लाडाने अम्मा म्हणतात. "तिची आई आसती तर बोलली आसती. माझ्याशी कशी बोलंल? हितं मी धा जणींचं टाइप करतो. घरातलीचं एक अक्षर करता येत न्हाय."

मी म्हटलं, "तिला केंद्रात पाठवा ना. मी बोलते."

"मी हितं येतो, हे तिला म्हाईतच न्हाय. टायपिंगला जातो, एवढंच सांगितलंय. तुमचा नियम हाय ना."

नियम मीच सांगितला होता. घरात तोंड बंद ठेवा, हा त्याचा अर्थ त्यांनी इतका चोख पाळला असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानंतर ते कधीमधी अंबिकाबद्दल सांगायचे. तिला ताकातली भाजी आवडते म्हणून स्वतः करायला शिकले. घरी बसून ती साड्यांना फॉल-पिको करते, मशीन चालू असलं की बरं वाटतं, बंद पडलं की जीव खालीवर होतो. आपण काही चुकलो का, लग्नाच्या वेळी तिला नीट विचारलं नाही का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. ते असं सांगताना आपले कडक इस्त्रीचे बाह्यांचे काठ चुरगाळत राहायचे.

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. काका नेहमीसारखे पाणी पिऊन, चपला काढून आत गेले. क्रमांक सोळाची फाइल लावली. पाच मिनिटांत दार उघडलं आणि ते बाहेर आले. अनवाणीच, व्हरांड्यातल्या तापलेल्या फरशीवर उभे राहिले. पाय भाजत असणार, पण ते हलले नाहीत.

"म्याडम, ही फाइल दुसऱ्याकडून करून घ्या."

"का? आवाज स्वच्छ नाही का?"

"लई स्वच्छ हाय."

त्यांनी हातातला कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर तीनच ओळी होत्या.

सुनीता: केंद्रात यायचीस, ते कसं वाटलं?
क्र. १६: पर्वालेदु.
(गप्प —

आकडा नव्हता. कंसही बंद केलेला नव्हता.

"ही आमची हाय," काका म्हणाले.

मग सगळं उलगडलं. सासरी असतानाच अंबिका आमच्या केंद्रात यायची, सासरच्या आडनावाने, सुनीताकडे. तेव्हा काका इथे नव्हते. सुनीताने तिची मुलाखत कुठल्याशा शिवणवर्गात जाऊन घेतली, फाइलला क्रमांक दिला आणि मी तो क्रमांक कुणाचा ते न पाहता फाइल काकांच्या हाती ठेवली. चूक माझीच होती. तेलुगू भागातला माणूस तेलुगू भागातल्या बायका ऐकणार, त्यात ओळखीची निघेल, हे मला आधी सुचायला हवं होतं.

आजही मला ती खोली डोळ्यांसमोर येते. दार बंद होतं. हेडफोन कानात होते. इतके महिने ज्या एका गोष्टीसाठी या माणसाचा जीव तुटत होता, ती त्या हेडफोनच्या दुसऱ्या टोकाला होती. थांबवायचं बटण दाबलं नसतं तरी पुरे होतं, टेप आपोआप पुढे सरकली असती. कुणालाही कळलं नसतं.

मी मूर्खासारखं विचारलं, "ऐकावंसं वाटलं नाही, काका?"

"लई वाटलं."

"मग?"

"तिनं मला न्हाय सांगितलं, म्याडम. सुनीताबाईंना सांगितलं."

मी त्यांच्या चपला आणून त्यांच्या पायाशी ठेवल्या. त्यांनी त्या घातल्या, टॉवेलने तोंड पुसलं आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

क्रमांक सोळा सुनीताने उतरवून दिला. अभ्यासासाठी मला तो वाचावा लागला. त्यात काय होतं, ते मी काकांना सांगितलं नाही, आणि इथेही सांगणार नाही.

आठवडाभर काका आले, बसले, काम केलं. पण पानांत चुका दिसायला लागल्या. बोटांनाही घाई झाली होती. एका दुपारी चहा घेता घेता ते म्हणाले, "एक विचारू? नियमात बसत न्हाय तर नका सांगू. ती काय बोलली, ते न्हाय विचारत. ती गप किती मोजेपर्यंत हुती, तेवढं सांगा."

मी नियमाच्या कुठल्या कलमात हे बसतं, याचा विचार करत राहिले. कुणाच्याही मौनाची लांबी सांगणं म्हणजे गुपित फोडणं होतं का? मला आजही नक्की सांगता येणार नाही. शेवटी मी उठले, चपला खोलीबाहेर काढल्या, हेडफोन चढवले आणि डोळे मिटून अंगठा पेरांवर ठेवला. सुनीताला शाबासकी द्यायला हवी. काकांनी माझं बरं बरं मोजल्यापासून तीही तोंड बंद ठेवायला शिकली होती. टेपवर नुसता पंखा फिरत होता. मी काकांच्याच गतीने मोजत गेले, आणि मग एक मुलगी बोलायला लागली.

बाहेर आले. म्हटलं, "एकोणतीस."

"एकोणतीस?"

"हो. मग बोलली."

काकांनी हातातला कप खाली ठेवला. "आन मी तर तीनलाच विचारतो," ते म्हणाले, "जेवलीस का म्हणून." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माणसाला इतकं साधं रडताना मी त्या केंद्रातही फार वेळा पाहिलेलं नाही. त्यांनी ते पुसलं नाही, टॉवेल खांद्यावर तसाच होता.

मार्गदर्शक मॅडमना मी हे पुढे खरं खरं सांगून टाकलं. त्या मग म्हणाल्या, "हे प्रबंधात घालू नकोस." ओरडल्या नाहीत.

त्यानंतर आमचं काम संपलं, काका कोर्टाबाहेरच्या आपल्या टेबलावर परत गेले आणि माझी पानं जुळवण्यात, परीक्षेत वर्ष निघून गेलं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते प्रबंधाची बांधलेली प्रत द्यायला गेले तेव्हा. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

प्रत द्यायला गेले त्या दिवशी दुपारचे तीन वाजले असतील. त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना घरोघर माग आहेत, बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. पण त्या वेळी वीज गेली होती आणि सगळी गल्ली अचानक चिडीचूप होती. तीन पायऱ्या चढून मी दारात पोचले. दार उघडंच होतं.

आत खिडकीपाशी शिलाई मशीनवर अंबिका बसली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते, टेपवरचा आवाज मात्र ओळखीचा होता. मशीनच्या सुईखाली हिरवी साडी अर्धी तशीच अडकलेली. तिचे दोन्ही हात साडीवर होते आणि ती त्या हातांकडे बघत होती. काका खाली जमिनीवर परातीत शेंगा सोलत बसले होते. सोलणं थांबलं होतं. त्यांनी मला पाहिलं.

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी उजव्या हाताचा तळवा उचलला. थांबा. चेहऱ्यावर ओळखीचं हसू नाही, काही नाही. फक्त तळवा. डावा हात मांडीवर होता आणि त्याचा अंगठा पेरांवरून हळूहळू सरकत होता.

मी पुस्तक छातीशी धरून दारातच उभी राहिले. किती आधीपासून ते मोजत होते, मला माहीत नाही. मी आले तिथून मोजायला लागले. दहा. पंधरा. गल्लीत कुणाच्या तरी घरात भांडं पडलं, काकांनी पापणी हलवली नाही. एकवीस. माझ्या जिभेवर बरं बरं येऊन बसलं होतं, इतक्या वर्षांची सवय. एकोणतीस झाले. काकांनी विचारलं नाही. अंगठा पहिल्या पेरावर परत आला आणि पुन्हा चालू लागला. तेहतीस. छत्तीस.

"नायना," अंबिका म्हणाली.

काकांचा अंगठा थांबला.

"नायना, त्या दिवशी…"

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता तीन पायऱ्या उतरले. फरशी तापलेली होती. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत वीज आली आणि घरोघरचे माग एकदम सुरू झाले. प्रबंधाची प्रत मी दुसऱ्या दिवशी टपालाने पाठवली.